डीबगरचे एरर मेसेज आवरायला बसलेल्यांना खुलं पत्र

प्रति,
जीडीबी, एलएलडीबी आणि टर्मिनलवर चालणाऱ्या अशाच डीबगरच्या कोडला हात लावणारे सगळे मराठी मित्र-मैत्रिणी,
पुणे, नागपूर, बंगळुरू किंवा जिथे कुठे असाल तिथे

विषय: एरर मेसेजची मांडणी सारखी करताना काय हलवावं आणि कशाला हात लावू नये

सप्रेम नमस्कार.

एरर मेसेज एकसारखे करायचं काम डीबगरच्या, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधायच्या साधनाच्या, कोडमध्ये अधूनमधून निघतंच. कुणी वाक्याशेवटचा पूर्णविराम काढतं, कुणी पहिलं कॅपिटल अक्षर लहान करतं, कुणी लाल रंग भरतं. पॅच, म्हणजे कोडमधला हा बदल, दहा-वीस ओळींचा असतो, कुणाच्या पोटात दुखत नाही, मंजूर होऊन जातो. आमचं म्हणणं त्या दहा-वीस ओळींबद्दलच आहे. पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलणं यालाही आपण आवरणं म्हणतो, आणि ज्याची वस्तू त्याच्या हाताशी ठेवणं यालाही. आम्हाला दुसऱ्या प्रकारचं आवरणं हवं आहे.

आम्ही विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत सी आणि सी-प्लस-प्लसची प्रात्यक्षिकं घेतो. घाटंजी, आर्णी, मेहकर, कुरखेडा. जीडीबी इथेही तोच आहे जो तुमच्याकडे आहे. फरक इतकाच, की मेसेज ज्या पडद्यावर उमटतो तिथे त्याचा उलगडा करणारं माणूस बहुधा नसतं. पोट्टं पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं. रेंज नसली की फोटो चढत नाही, मग फोन लावून वाचून दाखवतं: "सर, हे नो सिम्बॉल टेबल इज लोडेड म्हणून रायलं, काय करू?" या पत्रात डीबगरचे इंग्रजी मेसेज देवनागरीत लिहिलेत ते त्यामुळेच. आमच्याकडे ते कानावाटे असेच येतात.

तेव्हा आमची मागणी एकच आहे, बाकी सगळं तिचेच फाटे. एररची ओळ तिच्या वरच्या-खालच्या ओळींपासून तुटली, रंग गेला, अर्धी कापली गेली, फोनवर वाचली गेली, तरी तिचा अर्थ लागला पाहिजे.

सुरुवात त्या सिम्बॉल टेबलापासूनच (प्रोग्रॅममधल्या नावांची डीबगरला लागणारी यादी) करू, कारण प्रात्यक्षिकाच्या तासाला सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. बेरीज.सी ही फाइल जीसीसी या कम्पायलरने कम्पाइल केली, पण -जी (डीबगची माहिती प्रोग्रॅममध्ये ठेवायला सांगणारा पर्याय) द्यायचं राहिलं. जीडीबी उघडला की कॉपीराइट, परवाना, मदत कुठे मिळेल अशा दहा-पंधरा ओळी धडाधड येतात. त्यांच्या खाली "रीडिंग सिम्बॉल्स फ्रॉम ./बेरीज" आणि त्याच्याही खाली, कंसात, "नो डीबगिंग सिम्बॉल्स फाउंड इन ./बेरीज". खरी बातमी ही आहे आणि ती कंसात टाकली आहे. कंसातला मजकूर सोडून पुढे जायचं हे तर सगळे शाळेपासूनच शिकून आलेले असतात.

पुढे विद्यार्थी "ब्रेक १२" देतो, म्हणजे बाराव्या ओळीवर थांब. आता येतं "नो सिम्बॉल टेबल इज लोडेड. युज द फाइल कमांड." आणि लगेच खाली प्रश्न, "मेक ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन फ्यूचर शेअर्ड लायब्ररी लोड?", त्यापुढे कंसात वाय किंवा एन. एन चौकोनी कंसात आहे, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर नकार धरला जाईल. हा संकेत ठाऊक असणारं वर्गात एखादंच. बाकीचे वाय दाबतात, कारण संगणकाने काही विचारलं की हो म्हणायचं ही सवय आजवरच्या प्रत्येक इन्स्टॉलरने लावून ठेवली आहे. "ब्रेकपॉइंट १ (१२) पेंडिंग." मग रन. प्रोग्रॅम कुठेही न थांबता सरळ शेवटाला जातो, "एक्झिटेड नॉर्मली" अशी ओळ येते आणि डीबगर बिघडला म्हणून फोन येतो.

इथे एकाच वाक्यामागे दोन निराळी कारणं आहेत. डीबगर नुसता उघडला, प्रोग्रॅम दिलाच नाही, तेव्हा "फाइल कमांड वापरा" हा सल्ला अगदी बरोबर. प्रोग्रॅम दिला आहे पण त्यात डीबगची माहिती नाही, तेव्हा तोच सल्ला चकवा ठरतो. पोरं इमानदारीने "फाइल बेरीज" देतात, तीच फाइल पुन्हा वाचली जाते, तोच मेसेज पुन्हा येतो. या वाक्यातला पूर्णविराम काढला काय आणि ठेवला काय, कुणाचंही भलं होत नाही. कारणं दोन असतील तर मेसेज दोन करा. दुसऱ्याचा आमचा मसुदा असा:

एरर: नो डीबग इन्फो इन "./बेरीज", रिकम्पाइल विथ -जी

आणि सुरुवातीची ती कंसातली ओळ कंसातून बाहेर काढून तिच्याआधी "वॉर्निंग:" लावा. या कारणासाठी पेंडिंगचा प्रश्नही विचारू नका, असंही आम्ही म्हणू. पण ते मांडणीत नाही, वागणुकीत बसतं. त्याचा पॅच वेगळा काढावा लागेल हे आम्हाला कळतं.

आता "एरर:" या पहिल्या शब्दाबद्दल. एलएलडीबी तो लावतो. जीडीबी "वॉर्निंग:" लावतो, पण एररला असा कुठलाच शब्द लावत नाही, सरळ वाक्य छापतो. त्यामागे ग्नूच्या, म्हणजे जीडीबी ज्या प्रकल्पातला आहे त्याच्या, कोडिंग स्टँडर्ड्समधला नियम आहे: टर्मिनलवर संवाद चालू असताना मेसेजमध्ये प्रोग्रॅमचं नाव घालू नये, कोणता प्रोग्रॅम चालू आहे ते प्रॉम्प्टवरून (कमांडची वाट पाहणाऱ्या खुणेवरून) कळतं. पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी हे बरोबरच आहे. फोटोत मात्र प्रॉम्प्ट कापला गेलेला असतो. तीन ओळी उरतात. त्यातली एक विद्यार्थ्याच्या प्रिंटएफची, एक जीडीबीची, एक कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून) आलेली, आणि तिघींचा तोंडवळा सारखा. "कॅनॉट ओपन फाइल" हे प्रोग्रॅम म्हणतो आहे की डीबगर, हे ओळखायला फोटो पाठवणाऱ्याला उलटा फोन करावा लागतो. म्हणून आरंभी शब्द हवाच. प्रोग्रॅमचं नाव नसलं तरी चालेल, पण एरर, वॉर्निंग, नोट यातलं एक काहीतरी असू द्या.

तो शब्द लावायची जागा मात्र एकच ठेवा. खालच्या थरातल्या फंक्शनने मेसेजच्या मजकुरातच "एरर:" घातलं आणि वरच्या छापणाऱ्या फंक्शनने पुन्हा लावलं, की "एरर: एरर:" असा तोतरेपणा येतो. एलएलडीबीत कम्पायलरकडून तयार होऊन आलेल्या मेसेजच्या पुढचा हा शब्द आधी खरवडून काढावा लागतो, तो यासाठीच. नव्या ओळीचंही तेच. मजकुराच्या शेवटी एक आणि छापणाऱ्याकडून एक अशा दोन झाल्या की मध्ये रिकामी ओळ पडते, आणि छोट्या पडद्यावर तेवढ्याने कामाची एक ओळ वर सरकून जाते. नियम सोपा ठेवा: मजकुरात ना आरंभीचा शब्द, ना शेवटची नवी ओळ. दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनने घालायच्या.

पूर्णविराम आणि कॅपिटल यांवर फार शाई खर्च करण्यासारखं नाही, तरी घोळ केवढा आहे ते पाहा. ग्नू म्हणतं, संवादी प्रोग्रॅमचा मेसेज कॅपिटलने सुरू करा, शेवटी पूर्णविराम देऊ नका. एलएलव्हीएम, म्हणजे एलएलडीबीचा मूळ प्रकल्प, म्हणतं, लहान अक्षराने सुरू करा, शेवटी पूर्णविराम नको. म्हणजे शेवटाबद्दल दोघांचं एकमत आहे. तरी जीडीबी हे ग्नूचंच लेकरू "द प्रोग्रॅम इज नॉट बीइंग रन." असं पूर्णविरामासकट लिहितं आणि "कॅनॉट ॲक्सेस मेमरी ॲट ॲड्रेस" याच्या शेवटी काहीच देत नाही. आमचं मत पूर्णविराम काढण्याच्या बाजूने आहे, आणि कारण व्यवहारी आहे. मेसेजच्या शेवटी फाइलचं नाव किंवा पत्ता असला की कॉपी करताना तो टिंब सोबत येतो, आणि पोरं तो टिंबासकट पुन्हा कमांडमध्ये चिकटवतात. "बेरीज.सी." अशी फाइल अर्थातच सापडत नाही.

नावाभोवती अवतरणचिन्हं मात्र काढू नका, आणि ती सगळीकडे सारखी असू द्या. उघडताना उलटा टिंका (`) आणि मिटताना सुलटा ('), ही जुन्या ग्नूची पद्धत अजून कुठेकुठे दिसते. ती तेवढी घालवाच, कारण व्हॉट्सॲप उलट्या टिंक्याला स्वतःची खूण समजतं. त्याच व्हॉट्सॲपवर _बेरीज_ असं दोन्ही बाजूंना अंडरस्कोर असलेलं नाव चिकटवलं, की अंडरस्कोर गायब होतात आणि नाव तिरकं दिसतं. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही. पोरांनाच आधी-नंतर तीन-तीन उलटे टिंके द्यायला सांगावं लागतं.

एक आकडा वर्षानुवर्षं फसवतो आहे. मेनमधून "रिटर्न १०" केलं आणि जीडीबीत प्रोग्रॅम संपला, की ओळ येते "एक्झिटेड विथ कोड ०१२". हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, पुढचं शून्य हीच त्याची खूण. १ परत केला तर ०१ दिसतं, म्हणून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वजा १ परत केला की ०३७७ दिसतं आणि मग शोध सुरू होतो की हे ३७७ आलं कुठून. ते २५५ आहे. "प्रिंट $_एक्झिटकोड" दिलं तर जीडीबी स्वतःच दशमानात उत्तर देतो, म्हणजे एकाच साधनात एकाच गोष्टीचे दोन आकडे. फोनवर तर पुढचं शून्य कुणी वाचतच नाही. "सर, कोड बारा आला." मांडणी आवरायला बसलाच आहात तर ही ओळ दशमानात करा. पूर्ण यादीत सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त फायद्याचा बदल हा असेल.

आता एक मेसेज जो मजकुराने चांगला आहे, पण क्रमाने घसरतो. उबुंटूवर आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडायला गेलं की तो सांगतो: कुड नॉट अटॅच टु प्रोसेस, तुमचा यूआयडी (युजरचा क्रमांक) जुळत असेल तर /प्रोक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप पाहा, किंवा रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन पुन्हा प्रयत्न करा, अधिक माहिती अमुक फाइलमध्ये. आणि सगळ्यात शेवटी "पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड." कारण सांगितलंय, जागा सांगितलीय, उपायही सांगितलाय. इतकं सगळं देणारे मेसेज थोडेच. पण फोटोत नेमकी शेवटची ओळ येते, आणि तिच्यात यातलं काहीच नाही. उपायातही एक उणीव आहे. त्या सेटिंगची किंमत १ असते तेव्हा डीबगरला स्वतः सुरू केलेला प्रोग्रॅम तपासता येतो, दुसऱ्या कुणी सुरू केलेला नाही. प्रयोगशाळेत बहुतेकदा प्रोग्रॅम बंद करून जीडीबीतूनच "रन" करणं पुरतं. रूटचा पासवर्ड विद्यार्थ्याकडे नसतो आणि नसावाच. तेव्हा पहिली ओळ एरर आणि कारण यांची, त्याखाली "नोट:" म्हणून आधी बिनधोक उपाय, रूटचा उल्लेख सगळ्यात शेवटी.

मेसेजचा न बदलणारा भाग आधी आणि बदलणारा नंतर, हेही जमेल तिथे पाळा. फाइलचा रस्ता लांब असतो. तो आरंभी आला की ८० रकान्यांतले ५० त्यातच जातात, आणि प्रोजेक्टरसाठी अक्षर मोठं केलं असेल तर ओळ मधेच मोडते. एलएलडीबीच्या जुन्या पद्धतीत "एरर: <युजर एक्स्प्रेशन ०>:१:१:" एवढं झाल्यावर मग मुद्दा सुरू व्हायचा. इंग्रजी अक्षरं मोजली तर पहिले ३२ रकाने त्यात गेले, आणि त्यात कामाचं एकही नाही, कारण विद्यार्थ्याने कुठलीच "युजर एक्स्प्रेशन ०" नावाची फाइल लिहिलेली नसते. अलीकडच्या एलएलडीबीत टाइप केलेल्या कमांडच्या खालीच खूण करून चूक दाखवता येते. बदल चांगला आहे, पण त्या खुणेत देवनागरीची एक मेख आहे. तिच्याकडे वळायच्या आधी रंगाचं उरकतो.

काळ्या पडद्यावर लाल अक्षरं समोरून ठळक दिसतात. त्याचाच फोटो काढला की चित्र बदलतं. जेपेगमध्ये उजळतेची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची मात्र बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मीच. आणि शुद्ध लालाची उजळता पांढऱ्याच्या जेमतेम ३० टक्के धरली जाते. बारीक लाल अक्षर म्हणजे जवळपास सगळा रंगच, उजळता थोडी, म्हणून ते फोटोत फेसाळतं. व्हॉट्सॲप वरून आणखी दाबतं. ज्या ओळीसाठी फोटो काढला तीच वाचता येत नाही, आणि तिच्या वरची पांढरी ओळ लख्ख. जोर द्यायचा तर अक्षर ठळक करा. रंग द्यायचाच असेल तर फक्त "एरर:" या शब्दाला द्या, मजकूर पांढराच राहू द्या.

रंगाचे कोड फाइलमध्ये जाऊ नयेत म्हणून आउटपुट टर्मिनलवर चाललं आहे का हे "इझ-ए-टीटीवाय" या फंक्शनने तपासतात, पण पुष्कळदा चुकीच्या जागी. एरर जातो स्टँडर्ड एररवर, म्हणजे डिस्क्रिप्टर (आउटपुटच्या वाटेचा क्रमांक) २ वर, आणि तपासणी होते १ ची, म्हणजे स्टँडर्ड आउटपुटची. विद्यार्थ्याने फक्त एरर फाइलमध्ये वळवला की १ अजून टर्मिनलच असतो, त्यामुळे रंगाचे कोड बिनदिक्कत फाइलमध्ये जातात. ती फाइल "लेस"मध्ये उघडली की प्रत्येक एररच्या आधी "ईएससी[३१एम" आणि नंतर "ईएससी[०एम". शिवाय "ओळीच्या सुरुवातीला एरर" असा ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) लावला तर एकही ओळ सापडत नाही, कारण ओळीची सुरुवात आता अदृश्य कोडने होते. ज्या डिस्क्रिप्टरवर लिहिता त्याचीच तपासणी करा. नो_कलर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरलेला असेल तर रंग नकोच. टर्म हा व्हेरिएबल "डम्ब" असेल तरी नको.

आणि आता देवनागरी. सोर्समध्ये मराठी स्ट्रिंग असतातच: बाजार समितीचा भाव, पिकाचं नाव, गावाचं नाव. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, व्हेरिएबलचं नावही सरळ देवनागरीत लिहिता येतं. आता "कापूस" हा एकच शब्द घ्या. आपल्या डोळ्याला तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबाने पाच: क, काना, प, दीर्घ ऊकार, स. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे पंधरा. आणि टर्मिनलवर? ऊकार खाली लागतो, त्याला स्वतःची जागा नाही. कान्याला काही टर्मिनल एक रकाना देतात, काही देत नाहीत. म्हणजे तीन किंवा चार रकाने. ओळीत या शब्दानंतर चूक असेल आणि वर-टोकाची खूण (^) बाइट मोजून ठेवली, तर ती अकरा-बारा रकाने उजवीकडे पडते, भलत्याच चलाखाली किंवा ओळीच्याही पलीकडे. एलएलव्हीएममध्ये यूटीएफ-८ मजकुराची रकान्यांतली रुंदी मोजणारं फंक्शन तयार आहे, ते वापरा. तरी टर्मिनलागणिक एखाद्या रकान्याचा फरक राहणारच. म्हणून निव्वळ खुणेवर विसंबू नका, चुकीचा तुकडा मेसेजमध्ये अवतरणात पुन्हा लिहा. फोनवर खूण वाचून दाखवता येत नाही, शब्द येतो. टॅबचंही असंच. वरच्या ओळीत टॅब असेल तर खालच्या ओळीत तेवढ्या जागी टॅबच ठेवा, एका टॅबला एक स्पेस असा हिशेब धरला की खूण डावीकडे सरकते.

लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) "सी" असलं, जसं कंटेनरमध्ये किंवा मोजकीच पॅकेज टाकलेल्या सर्व्हरवर असतं, तर जीडीबी मराठी स्ट्रिंग छापतच नाही, बाइटचे अष्टमान आकडे देतो. "कापूस"मधल्या नुसत्या "क"चे \३४०\२४४\२२५. पूर्ण शब्दाचे पंधरा बाइट, प्रत्येकी चार खुणा, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दाला ६० रकाने. विद्यार्थ्याला वाटतं मेमरी खराब झाली. मेमरी ठणठणीत असते. एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ देऊन जीडीबी उघडला, की कापूस दिसतो. स्ट्रिंग लांब असेल तर आणखी एक गंमत: जीडीबी मुळात २०० घटक छापून थांबतो, आणि कॅरच्या स्ट्रिंगमध्ये घटक म्हणजे बाइट. दोनशेला तीनने भागलं तर ६६ अक्षरं आणि वर दोन बाइट. सलग देवनागरी मजकूर असेल तर सदुसष्टावं अक्षर मधोमध कापलं जातं आणि शेवटी "इन्कम्प्लीट सीक्वेन्स" असं काहीतरी येतं. कापायचं ते पूर्ण अक्षरावर कापा. आणि बाइटचे आकडे छापायची वेळ आलीच, तर त्या सत्रात एकदाच एक नोट द्या: होस्ट कॅरसेट (या यंत्रावरचा अक्षरसंच) अमुक आहे, बदलायचं तर असं.

ओळींच्या क्रमाचंही बघा. टर्मिनलवर स्टँडर्ड आउटपुट ओळीओळीने बाहेर पडतं. तेच फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये गेलं की डबा भरेपर्यंत आत साचतं. स्टँडर्ड एरर साचत नाही. दोन्ही एकाच फाइलमध्ये वळवले की एरर आधी दिसतो आणि ज्या कमांडमुळे तो आला तिचं आउटपुट खाली, कधी कधी तर फाइलच्या अगदी तळाशी. गृहपाठाच्या लॉगमध्ये हे नेहमीच दिसतं. एरर छापणाऱ्या त्या एका फंक्शनने लिहिण्याआधी स्टँडर्ड आउटपुट फ्लश करावं, म्हणजे साचलेलं बाहेर ढकलावं. एका ओळीचं काम.

आता हात कशाला लावू नये. "नो सिम्बॉल अमुक इन करंट कॉन्टेक्स्ट" यासारखे शब्द वर्षानुवर्षं तेच आहेत. नेटवर शोधलं की त्यांच्याखाली ढिगाने उत्तरं मिळतात. "करंट कॉन्टेक्स्ट"ऐवजी "करंट स्कोप" म्हणणं जास्त नेमकं आहे असं कुणालाही वाटू शकतं, आणि ते बरोबरही असेल. पण त्या एका शब्दाने आधीची सगळी उत्तरं नव्या विद्यार्थ्यापासून तुटतात. शब्दांनी दिशाभूल होत असेल तरच ते बदला, वरच्या सिम्बॉल टेबलासारखी. नुसत्या शोभेसाठी नको.

मराठीत मेसेज हवेत का, असा प्रश्न येईल. पर्याय म्हणून जरूर, आपसूक नको. मराठी वाक्य शोधून आज फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक एररला छोटा कोड द्या. रस्टचा कम्पायलर ई०३०८ असा कोड देतो आणि "रस्टसी --एक्सप्लेन ई०३०८" म्हटलं की टाइप का जुळला नाही ते उदाहरणासकट सांगतो, नेट नसतानाही. फोनवर "ई तीनशे आठ" सांगणं कुणालाही जमतं, आणि त्या कोडखाली मराठी खुलासा लिहायचं काम आम्ही अंगावर घ्यायला तयार आहोत. पुढेमागे भाषांतर करायचंच ठरलं तर एवढं आजच सांभाळा: वाक्य तुकड्यांनी जोडू नका. "कॅनॉट" अधिक क्रियापद अधिक नाव, अशी जुळवणी इंग्रजीत खपते. मराठीत क्रियापद शेवटी जातं, नावाला प्रत्यय लागतो, सगळी मोट सुटते. पूर्ण वाक्य गेटटेक्स्टच्या (मेसेज भाषांतराच्या साधनाच्या) एकाच स्ट्रिंगमध्ये ठेवा. जागा दोन असतील तर त्यांना क्रमांक द्या, टक्का-१-डॉलर-एस असे, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला त्यांची अदलाबदल करता येईल.

काम कसं हाकायचं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी दोन-तीन गोष्टी बोलून ठेवतो. जीडीबीत "एरर" फंक्शनच्या हाका (कॉल) आणि एलएलडीबीत "अपेंडएरर"च्या कुळातल्या हाका, यांची आधी ग्रेपने यादी काढा आणि मेसेज वर्णानुक्रमे लावा. एकाच अर्थाची चार वाक्यं शेजारी-शेजारी आली की निम्मं काम तिथेच दिसतं. पहिल्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) फक्त आरंभीचा शब्द, नवी ओळ, फ्लश आणि रंग, तेही त्या एका फंक्शनमध्ये. शब्दांचा बदल दुसऱ्या कमिटमध्ये. दोन्ही एकत्र केले की चाचण्या शेकड्याने पडतात, कारण जीडीबीच्या चाचण्या डेजाग्नू या चाचणी-साधनामधून छापील मजकूरच ताडून पाहतात, आणि मग कोणती चाचणी पूर्णविरामाने पडली आणि कोणती खऱ्या चुकीने, ते वेगळं काढता येत नाही. एडिटरसारख्या बाहेरच्या साधनांनी मजकूर न वाचता एमआय किंवा डीएपी या साधनांनी डीबगरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतींमधून एरर घ्यावा हे खरं. पण जीडीबीचा छापील मजकूर ग्रेप करून गुण देणाऱ्या स्क्रिप्ट कॉलेजा-कॉलेजांत आहेत. आमच्याकडेही आहेत, आणि त्या आम्ही दुरुस्त करू. फक्त बदललेल्या प्रत्येक मेसेजचं जुनं आणि नवं रूप प्रकाशनाच्या टिपणात शेजारी-शेजारी द्या, म्हणजे त्या सुट्ट्यांत दुरुस्त होतील, परीक्षेच्या सकाळी नाही.

अशी यादी कच्ची असतानाच आमच्याकडे पाठवलीत तर आणखी बरं. प्रत्येक मेसेजची एक-एक ओळ आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फोनवर वाचायला लावू, पलीकडच्याने ऐकून काय केलं ते लिहून ठेवू, आणि ज्या ओळीला उलटा प्रश्न विचारावा लागला तिच्यापुढे फुली मारून यादी परत धाडू. नवीन सत्र जुलैत भरतं, त्याआधी मिळाली तर पहिल्याच महिन्यात करून देतो.

आपले,
विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिकं घेणारे काही शिक्षक आणि लॅब सहायक